शेरा

मी दर्या पाहिलेला नाही.
विश्वामित्रीचं पाणी पाहिलं, मगरींसकट,
आणि सुरसागरातलं, चहूबाजूंनी बांधून घातलेलं.
तरी माझ्या हस्ताक्षरात एक जहाज आहे:
वही सतरावी, पान एकशे बारा,
फरासखाना, बडोदे. सही भा. वि. टिपणीस, कारकून.

चाळीस साल. दिवाळी आठ दिवसांवर,
आणि मुंबईच्या गोदीतून तीन वाघिणी आल्या सामानाच्या.
सरदारसाहेबांची 'शुभांगी' लढाईवर निघाली होती.

लढाईवर जाणारा काढून ठेवतो ना,
अंगठी, भिकबाळी, गळ्यातला गोफ,
तसं तिचं काढून पाठवलं होतं, गवतात गुंडाळून.
झुंबर एक. लोलक अठ्ठ्याण्णव, पैकी फुटके दोन.
पियानो, पोटात वाळू.
शिसवी पलंग, कठड्याचा,
झोपेत धनी घरंगळू नये म्हणून.
आरसा बेल्जमी, साडेपाच फूट,
पितळी खुंट्यांवर झुलणारा.

झुलणारा कशाला, मी विचारलं.
सामानासोबत आलेला माणूस म्हणाला,
जहाज कललं तरी साहेब सरळ दिसावेत.
मी लिहिलं: झुलता, नग एक.

मग तिच्या बातम्या यायच्या खासगीकडच्या टपालात.
पांढऱ्या अंगाला करडा रंग दिला.
नाव खरवडलं, तिथे आकडा.
ग्रामोफोन लागायचा त्या जागी तोफ,
आणि न्हाणीघरात, म्हणे, दारूगोळा.
काम सुरुंग वेचण्याचं.
मी ते तांदळातल्या खड्यांसारखं धरून चाललो होतो,
आमच्या हिची सुपावरची बोटं डोळ्यांसमोर.

त्रेचाळीसमध्ये पत्र आलं:
पुढच्या अंगाचं नुकसान. माणसं चार.
रक्कम पार आण्यापर्यंत लिहिली होती.
नावं नव्हती.

लढाई संपल्यावर एका दुपारी
घोघ्याचा वालजी खारवा दारात उभा,
पायात लष्करी बूट, डाव्या कानाने बहिरा.
सामान बघायचंय म्हणाला.
परवानगीचा कागद?
नव्हता.
मी किल्ल्या वाजवत राहिलो थोडा वेळ
आणि मग उठलो.

पियानोकडे त्याने बघितलं नाही.
थेट आरशाशी गेला, पितळेवरून अंगठा फिरवला,
दहा वर्षं त्यानेच घासलेलं पितळ.
"हा तो नाही."
तोच आहे, मी म्हटलं, मागे चिठ्ठी बघ.
"हा उभा आहे नुसता," तो म्हणाला,
"जरा हलावो ने, भाई."

मी चौकट धरली. पुढे. मागे. पुढे.
काचेत गालिच्यांच्या गुंडाळ्या वर चढल्या,
खिडकी खाली गेली,
भिंत, माझी खुर्ची, शाईची दौत, सगळं कलंडू लागलं.
त्याने पाय फाकवले
आणि त्या सगळ्यात तो एकटा ताठ उभा.
मग नावं घेऊ लागला, हेलकाव्याला एक.
माझे दोन्ही हात चौकटीवर.
लिहिणार कसा?

तो गेल्यावर वही उघडली.
अनुक्रम, वस्तू, नग, शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
करसन. अब्दुल लतीफ. तारवाला पेस्तन.
चौथ्या वेळी खुंटी करकरली होती.
त्याच्या घोघ्याच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली.
उत्तर नाही.

'शुभांगी' दारूखान्यात मोडीत गेली, वजनावर.
संस्थान गेलं, फरासखान्याचा लिलाव झाला,
पियानो सुरतेला, पलंग कुणाला कोण जाणे.
आरसा रावपुऱ्यात एका शिंप्याने घेतला,
खुंट्या कापून भिंतीला ठोकला, चार स्क्रू.

अजून जातो मी तिथे, सदऱ्याचं माप द्यायला.
सदरे आहेत हो घरी.
काचेसमोर उभा राहतो,
पाय थोडे फाकवून,
पुढे झुकतो, मागे झुकतो,
तीन नावांपर्यंत येतो.
तोंडातल्या टाचण्या सांभाळत शिंपी म्हणतो,
टिपणीस, हलू नका.